खड्ड्यामागं दोन आणे

गेनबानं एखादी वस्तू कितीला घेतली, हे आमच्या उंबरदऱ्यात त्याला कुणी विचारत नसे. विचारलंच, तर उत्तर ऐकून मनातल्या मनात त्याचं निम्मं करत. बैल दीडशेला आणला म्हणाला, की पंच्याहत्तर समजायचे. लेकीच्या लग्नात पाचशे पान उठलं म्हणाला, की अडीचशे. गावाच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात कुणाला खोटेपणा वाटेनासा झाला होता, आणि गेनबाला तर मुळीच नाही. तसा माणूस कष्टाळू. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण खर्चाचा आकडा त्याच्या तोंडातून निघताना फुगून निघायचा. आपलं काम थोडक्यात भागलं, हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटायची.

त्याची बायको सगुणाबाई ही नेमकी उलटी. चाकणच्या बाजारात ती वांग्याच्या वाट्यापुढं बसली, की वांगीवालीच शेवटी म्हणायची, "ने बाई फुकट, पन ऊठ." बावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचे आकडे ऐकून घेतले होते. घरात ती त्याला सोलून काढायची. बाहेर मात्र कधी खोटं पाडलं नव्हतं.

ही गोष्ट पंचावन्न सालची. पिंपरीला औषधाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि आमच्याकडची दहाबारा माणसं तिकडं बांधकामावर विटा वाहायला जायला लागली होती. गेनबा गेला नाही. "भोंगा वाजला की जेवायचं आन् भोंगा वाजला की हात धुवायचा, मी काय म्हशीगत हाय का?" असं तो म्हणायचा. त्याला जायची गरजही वाटत नव्हती, कारण दर उन्हाळ्यात जंगलखातं आमच्या म्हसोबाच्या माळावर झाडांसाठी खड्डे काढून घेई, आणि ते काम ठरल्यासारखं गेनबा आणि सगुणाबाई या जोडीकडं असे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. खड्ड्यामागं दोन आणे. त्या वर्षी फॉरेस्ट गार्ड ज्योतीरामनं सहाशे खड्डे कबूल केले होते.

सहाशे खड्डे म्हणजे पंच्याहत्तर रुपये, आणि पंच्याहत्तर रुपये म्हणजे दहा पत्रे. सगुणाबाईनं हे कधीच ठरवून टाकलं होतं. घराचं गवती छप्पर कुजून काळं पडलं होतं, आणि श्रावणात लेकीचं, शकूचं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. गळक्या घरात बाळंतीण ठेवायची कशी? तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, की काम झाल्यावर छपराला हात घालू. गेनबानं पाडव्याचा मुहूर्त साधून काम सुरू व्हायच्या आधीच अर्धं छप्पर उतरवलं, का, तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं की गेनबा घर बांधतोय.

आलाही नेमका धर्माजी.

धर्माजी म्हणजे शकूचा सासरा, गेनबाचा व्याही. चाकणजवळ विहिरीखालचा मळा, कांद्याची चाळ, बैलगाडीला पितळी घुंगरं. गाडीतून उतरला, तो थेट डोकं वर करून मोकळ्या वाश्यांकडं बघायला लागला.

"व्याही, घर हाय का मांडव?"

"छप्पर काढलं," गेनबा म्हणाला. "आता कौलं टाकतोय. मंगळुरी."

दाराआड सगुणाबाईला ठसका लागला. आमच्याकडं विहिणीनं व्याह्यासमोर तोंड उघडायचं नाही अशी रीत होती. पदर कपाळाखाली ओढून आत उभं राहायचं, आणि काही सांगायचंच झालं तर खोकायचं. सगुणाबाईचे खोकले गेनबाला ओळखू यायचे. हा खोकला 'गप बसा' असा होता. त्याच्या अंगात आकडा चढला होता, त्यानं तो ऐकला नाही.

"दोन हजार कौलं सांगितलीत," तो म्हणाला.

धर्माजीनं मान हलवली. "आशाडात पोरीला आणून घालतो. पन घर पुरं झालेलं बघूनच. आमच्या घरचा जीव हाय तिच्या पोटात. उघड्यावर न्हाई ठिवायची मी."

हे तो काही खवचटपणानं बोलला नाही. खरंच तसंच होतं त्याच्या मनात. म्हणून तर सगुणाबाई दाराआड बोटांवर दिवस मोजायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून खड्डे सुरू झाले. माळाची जमीन वरून तांबडी, हातभर खाली मुरूम, त्याखाली कुठं काळा खडक. गेनबा दोन्ही पाय फाकून पहार डोक्यावर न्यायचा आणि हुंकार देऊन सोडायचा. मुरूम फुटला की सगुणाबाई वाकून फावड्यानं घमेल्यात ओढायची आणि कडेला टाकायची. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच राखायचा. ज्योतीराम येऊन त्या खुंटावरून खोली मोजायचा, मग खुंट फोडायचा. खुंट नसला तर खड्डा मोजणीत धरत नसत. दिवसाला बारा खड्डे पडायचे. सूर्य डोक्यावर आला की पहारीचं लोखंड तापायचं, म्हणून गेनबा तिला ओलं फडकं गुंडाळायचा. सगुणाबाईच्या तळव्यांना तर घट्टेच होते. काही तापलेलं धरायचं झालं की शेजारच्या बाया तिला हाक मारायच्या.

चौथ्या दिवशी माळावर जीप आली.

जीपमधून ज्योतीराम उतरला, पुण्याच्या कचेरीतला रंगराव नावाचा एक कारकून उतरला, आणि एक उंच, भाजलेल्या रताळ्यासारखा तांबडा साहेब उतरला. तो फिनलंडचा होता. त्याचं नाव घेताना आमची जीभ वळेना, म्हणून सगळे नुसतं साहेब म्हणत. एक झाड लावायला कुठल्या देशात किती खर्च येतो आणि कुठली अवजारं लागतात, हे लिहून घेत तो जगभर फिरत होता. त्याच्या वहीत अकरा देश होते. आपला बारावा.

"साहेबांना तुमचं काम बघायचंय," रंगराव म्हणाला. "तुम्ही रोजच्यासारखं करा."

आता रोजच्यासारखं कोण करणार? गेनबानं पटका झटकून पुन्हा बांधला आणि पहार अशी काही मारली, की ठिणगी उडाली. साहेबानं घड्याळ बघून आकडा लिहिला. मग त्यानं पहार ताणकाट्याला अडकवून तिचं वजन केलं, लांबी मोजली आणि रंगरावकडं बघून काही बोलला.

"ही पहार कितीला घेतली?"

"आज्याची हाय."

"किती वर्षं टिकेल?"

"आजा गेला, बाप गेला. मी बी जाईन. ही ऱ्हाईल."

रंगरावनं हे साहेबाला सांगितलं. साहेब पेन्सिल तोंडात धरून विचारात पडला. "ते म्हणतात, मग हिचा वर्षाचा खर्च कसा काढायचा?"

"खर्च कशाचा? टोक बोथटलं की लव्हार पाणी देतो. सुगीला त्याला बलुतं जातं."

"एका झाडामागं किती बलुतं?"

गेनबा ज्योतीरामच्या तोंडाकडं बघायला लागला. ज्योतीरामनं खांदे उडवले. साहेबानं मग कुदळ उचलली आणि दांड्यावरून बोट फिरवलं.

"हा दांडा कशाचा?"

"बाभळीचा."

"म्हणजे झाडं लावायला झाड तोडता?"

"मंग काय चिंधीचा दांडा घालू?"

रंगराव हसला. साहेबालाही सांगितलं, तोही हसला. भला माणूस होता. त्यानं सगुणाबाईचं घमेलं मापलं, तिच्या तळव्याचे घट्टे लांबूनच वाकून बघितले आणि वहीत काहीतरी लिहिलं. एवढ्यात घुंगरं वाजली. घरी कुणी नाही म्हणून धर्माजी शकूचा निरोप घेऊन माळावरच आला होता. सगुणाबाईनं पदर ओढला आणि ती घमेल्याआड बसली.

लिंबाच्या झाडाखाली सगळे टेकले. रंगराव वही वाचून सांगायला लागला. साहेबाच्या देशात झाडामागं चौदा आणे पडतात, अमक्या देशात नऊ, अमेरिकेत यंत्रानं एक रुपया. तिथं ट्रॅक्टरच्या मागं सुताराच्या गिरमिटासारखं मोठं गिरमिट बसवतात, एका मिनिटात खड्डा.

"आन् आपलं?" धर्माजीनं विचारलं.

"सरकारी दर दोन आणे."

धर्माजी मांडीवर थाप मारून हसला. "दोन आणे! एवढ्या देसांत आपलाच माल हलका म्हनायचा!"

त्यात वाईट हेतू नव्हता, पण गेनबाची कानशिलं तापली. साहेबानं नेमका तेव्हाच प्रश्न विचारला, आणि तो रंगरावनं नीट समजावून सांगितला. "साहेब म्हणतात, दोन आणे हे सरकार देतं. ते त्यांना माहीत आहे. तुमचा स्वतःचा खर्च किती होतो? एक खड्डा काढायला माणूस काय खातो, काय झिजतं, सगळं धरून."

असा प्रश्न जन्मात कुणी गेनबाला विचारला नव्हता. तोही परमुलुखाच्या साहेबानं, व्याह्यादेखत.

"खड्डा म्हंजी नुसतं ढेकूळ उकरनं न्हाई," त्यानं सुरुवात केली. "पहाटं शेरभर दूध लागतं. म्हशीचं."

घमेल्यामागून खोकला आला.

"दोपारला भाकरीवर तूप. तुपाबिगर पहार उचलत न्हाई. सांजंला अंगाला तिळाचं त्याल. म्हयन्याला पायतान झिजतं."

खोकला वाढला.

"आन् मंडळींचं लुगडं. मातीत वाकून वाकून म्हयन्याला एक फाटतं."

सगुणाबाईच्या अंगावरचं लुगडं शकूच्या लग्नातलं होतं आणि त्याला सात ठिगळं होती. तिनं फावडं घमेल्यावर आपटलं. खणकन आवाज झाला. साहेबानं दचकून तिकडं बघितलं. धर्माजी म्हणाला, "इहीनबाईंना पानी द्या कुनीतरी, केवड्या खोकत्यात."

रंगरावनं बेरीज केली. खड्ड्यामागं दोन रुपये दोन आणे.

अकरा देशांत कुणाचाच आकडा एवढा नव्हता. साहेबाचे निळे डोळे मोठे झाले. त्यानं उठून गेनबाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ हलवला. गेनबाची छाती फुगली. धर्माजीनंही गावाच्या रीतीनं निम्मं केलं, तरी एक रुपया एक आणा उरत होता. अमेरिकेच्या वर.

घरी आल्यावर सगुणाबाईनं तव्यावर भाकरी टाकली आणि विचारलं, "तूप वाढू का?"

गेनबानं ताट पुढं ओढलं.

"न्हाई, कंच्या म्हशीचं वाढू तेवडं सांगा. आपली हाय ती शेळी."

"अगं, पाव्हन्यासमोर काय सांगायचं? दोन आन्यात राबतो म्हनून?"

"राबतोच की."

"राबतो. पन सांगायचं कशाला?"

आठ दिवसांनी ज्योतीराम आला. सायकल भिंतीला टेकवून तो उंबऱ्यावर बसला आणि टोपी काढून तिच्याशी चाळा करायला लागला. ज्योतीराम टोपी काढून बसला, की काहीतरी बिनसलंय हे आम्हाला कळायचं.

"गेनबा, काम बंद."

"का रं?"

"साहेबाला तुझी दया आली. त्यानं वर लिवलंय. सरकार देतं दोन आने, आन् ह्या मानसाला खर्च येतो दोन रुपये दोन आने. म्हंजी दर खड्ड्याला ह्याला दोन रुपये तोटा. साशे खड्ड्यांत बाराशे रुपये. असल्या गरिबाकडनं काम घेनं म्हंजी पाप हाय, त्यापरीस यंत्र आना. पुन्याला एक आलेलंच हाय. आईतवारी माळावर येतंय."

गेनबाला हे समजायला वेळ लागला. हात धरून हलवला तो मानानं नव्हता, कीव येऊन होता, हे कळलं तेव्हा त्यानं तो हात धोतराला पुसला.

गावात ही बातमी वेगळ्याच तऱ्हेनं पसरली. बारा देशांत उंबरदऱ्याचा पहिला नंबर आला. दरसाल बाराशे रुपये पदरचे घालून सरकारी झाडं लावणारा दानशूर आपल्या गावात राहतो, आणि आपल्याला पत्ता नाही! निम्मं केलं तरी सहाशे होत होते. म्हातारा कोंडाजी मुद्दाम काठी टेकत आला आणि देवळाच्या कळसासाठी गेनबाच्या नावावर पन्नास रुपये धरून गेला. ज्याला त्याला गेनबा हात जोडत होता आणि आत सगुणाबाई मोकळ्या वाश्यांखाली बसून चूल फुंकत होती. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाली, "शकूला निरोप धाडा, श्रावनात सासरीच ऱ्हा म्हनावं," आणि पदर डोळ्याला लावला. गेनबा उठून गोठ्यात गेला आणि बैलाच्या अंगावरून उगाचच हात फिरवत उभा राहिला.

आईतवारी अख्खं गाव माळावर लोटलं. धर्माजीही गाडी जुंपून आला होता. व्याह्याचा पराक्रम त्याच्या कानावर गेला होता. पिवळा ट्रॅक्टर माळावर चढला. त्याच्या पाठीवर पुरुषभर उंचीचं गिरमिट उभं होतं, पीळ दिलेलं, तेलानं चमकणारं. बरोबर एक ड्रायव्हर, एक मेकॅनिक, डिझेलचं पिंप, आणि जीपमध्ये साहेब आणि रंगराव.

पहिला खड्डा गिरमिटानं लोण्यात बोट घातल्यागत काढला. पोरंबाळं ओरडली. दुसरा तसाच, तिसराही. ज्योतीराम टेप घेऊन खड्ड्यात वाकला आणि डोकं खाजवायला लागला. "ह्यात खुंटच न्हाई. माप कशावरनं घिऊ?" पण त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. सातवा खड्डा झाला तेव्हा गेनबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पहार खांद्यावर घेऊन तो लिंबाखाली उभा होता. पहार कशाला आणली होती, त्याचं त्यालाच माहीत.

ट्रॅक्टर आठव्या जागेकडं वळला, तशी सगुणाबाई पदराआडून हळूच म्हणाली, "अवं, तिथं फट हाय खडकात. तुमी पहार वाकवली होती तिथं. सांगा की त्यांना."

"त्यांनी इचारलं का मला?"

गिरमिट भुर्रकन आत गेलं, कुरकुरलं आणि थांबलं. ड्रायव्हरनं जोर दिला. खटकन काहीतरी तुटलं. मग त्यानं गिरमिट वर ओढायला घेतलं, तर गिरमिट जागचं हलेना आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं मात्र जमिनीवरून उचलली गेली. ड्रायव्हर उडी टाकून पळाला. मेकॅनिक खाली शिरला आणि काळा होऊन बाहेर आला. खडकाच्या फटीत गिरमिट पिळून बसलं होतं. ते कुणीतरी भोवतीनं खोदून मोकळं करायला हवं होतं.

सगळ्यांनी गेनबाकडं बघितलं.

गेनबानं पटका आवळला, हातावर थुंकी घेतली आणि पहार उचलली. दहा वाजले होते. लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नव्हतं, म्हणून वीत वीत अंतर राखून तो मुरूम फोडत गेला. सगुणाबाई घमेली भरत होती. तासाभरानं दोघांच्या पाठीवर मीठ फुटलं. ती एकटी किती नेणार, म्हणून साहेबानं कोट काढला आणि घमेलं उचललं. ते त्यानं ताटासारखं पुढं धरलं, सगळी माती त्याच्याच बुटात गेली. सगुणाबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं, त्याच्या खांद्यावर ठेवलं, त्याचा कोपर धरून वर केला आणि पुढं ढकललं. गाव खदखदून हसलं. पण साहेब थांबला नाही. दुपार कलेपर्यंत तो घमेली वाहत होता आणि त्याची मान उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाली होती.

तीनच्या सुमाराला गिरमिट हललं. गेनबानं पहार खाली घालून तरफ दिली, आणि ते करकरत वर आलं.

साहेब लिंबाखाली बसला, घटाघट पाणी प्याला आणि त्यानं वही उघडली. रंगराव म्हणाला, "गेनबा, साहेब विचारतात, आजच्या कामाचे किती द्यायचे?"

सारं गाव जवळ सरकलं. धर्माजी तर पुढंच येऊन बसला होता. "सांगा व्याही," तो म्हणाला.

गेनबानं घाम पुसला. आठ दिवसांत पोळून निघालेला माणूस, मोठा आकडा तो सांगणार नव्हता. पण सवय कुठं जाते? तिनं दुसरं दार शोधलं.

"पाव्हन्याचं अवजार आमच्या शिवारात अडाकलं, त्याचं काय पैसं घ्यायचं? काय नगं. लिवा, फुकाट."

माळावर वाहवा झाली. रंगरावनं पेन्सिल उचलली. "शून्य लिहू?"

ज्योतीराम गेनबाच्या कानाशी वाकला. कुजबुजणं त्याला जमत नसे, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "येड्या, शून्य लिवलं तर वरचं साहेब म्हनतील, हितली मानसं श्रमदानानं खड्डं काढत्यात. मंग दोन आने बी गेले. पुढल्या सालापास्नं समद्या गावाला फुकाट खोदावं लागंल."

गेनबानं पटका काढून तोंड पुसलं. शब्द फिरवावा तर व्याही समोर, न फिरवावा तर घर बुडतंय. तो नुसताच रंगरावच्या पेन्सिलीकडं बघत राहिला.

तेव्हा घमेलं आपटल्याचा आवाज झाला. खोकला नव्हे. सगुणाबाई उठून पुढं आली. पदर तिनं मागं सारला होता, आणि मातीनं माखलेलं तिचं तोंड सगळ्यांना दिसत होतं.

"शून्य लिवू नगा," ती म्हणाली. "दोन आने लिवा."

धर्माजी चपापून दुसरीकडं बघायला लागला. गावातल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"दूध न्हाई, तूप न्हाई. आमी भाकरीसंगं कांदा खातो आन् मिरचीचा खर्डा. पहार आज्याची हाय. ह्ये लुगडं लेकीच्या लग्नातलं, मोजा ठिगळं. खड्ड्यामागं दोन आने मिळत्यात, आन् त्यात आमचं भागतं. भागतं म्हंजी भागवतो." ती धर्माजीकडं वळली. "आन् पाव्हनं, तुमी बी ऐका. मंगळुरी कौलं कुनी सांगितली न्हाईत. पत्रे टाकायचे व्हते, त्ये बी ह्या खड्ड्यांच्या पैशातनं. खड्डे गेले तर छप्पर न्हाई. छप्पर न्हाई तर माजी लेक येत न्हाई. तिचं पयलं बाळातपन मला माज्या हातानं करायचंय. लिवा साहेब आता काय लिवायचं त्ये."

रंगरावनं ते सगळं साहेबाला सांगितलं. साहेबानं जुना आकडा खोडला. आणि सगुणाबाई आता बोलायलाच लागली होती, तर ती आणखी एक बोलली.

"आन् ह्येनला इचारा, ह्या गिरमिटाचा एक रुपाया म्हनता, त्यात ह्ये हितं आनायचं भाडं धरलंय का?"

साहेबानं प्रश्न ऐकला आणि कान खाजवला. धरलेलं नव्हतं.

"बोटीचं? पुन्यास्नं हितवर आनायचं? ह्या डायवरच्या जेवनाचं?"

त्यातलंही काही धरलेलं नव्हतं. रंगरावनं तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून नुसतं पुण्यापासूनचं भाडं, डिझेल, दोघांचा रोज आणि तुटलेला भाग एवढंच मांडलं आणि सात खड्ड्यांनी भागलं. एका खड्ड्याला साडेअकरा रुपये आले. बोटीला त्यानं हातच लावला नाही.

सगुणाबाईनं साहेबाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "म्हंजी कुटला बी बाप्या घ्या, आकडा खोटाच," ती म्हणाली.

रंगरावनं हे साहेबाला सांगावं की नाही, याचा थोडा विचार केला आणि सांगितलं. साहेब इतका हसला की त्याची भाजलेली मान दुखायला लागली. मग त्यानं वही सगुणाबाईपुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण दोनाचा आकडा तिला ओळखता येत होता. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. गिरमिट सोडवल्याचे गेनबाच्या जोडीला एका दिवसाच्या बारा खड्ड्यांचे दीड रुपये मिळाले, आणि ते सगुणाबाईनं मोजून घेतले.

धर्माजी निरोप न घेताच गाडीत बसून गेला. घुंगरं लांबवर ऐकू येत होती. गेनबाला वाटलं, आता हा पोरीला पाठवत नाही.

काम पुन्हा सुरू व्हायला कागद पुण्याला जाऊन यावा लागला, त्यात पंधरा दिवस गेले. वळीव यायच्या आत चारशे ऐंशी खड्डे झाले. साठ रुपयांत आठ पत्रे आले. दोन कमी पडले म्हणून चुलीवरचा कोपरा जुन्या गवतानंच झाकला आणि सगुणाबाईनं बाज पत्र्याखाली सरकवून ठेवली.

आषाढात घुंगरं वाजली. धर्माजीनं शकूला हात धरून गाडीतून उतरवलं, डोकं वर करून पत्र्यांकडं बघितलं, कोपऱ्यातल्या गवताकडंही बघितलं, आणि भाकरी खाऊन परत गेला. श्रावणात मुलगी झाली. बाराव्या दिवशी तो नातीला बघायला कुंची आणि खारका घेऊन आला. बाहेर पाऊस लागला होता आणि पत्र्यावर तडतडत होता. पोर शांत झोपली होती.

धर्माजीनं तिच्या मुठीत रुपया दिला आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "व्याही, पत्र्याला किती पडलं?"

गेनबानं तोंड उघडलं. सवयीनं एक आकडा जिभेवर आलाही असेल. त्यानं कोपऱ्यात चूल फुंकणाऱ्या बायकोकडं बघितलं, तिच्या डोक्यावरच्या गवतातून थेंब गळत होते आणि तिनं खाली भांडं मांडलं होतं.

"इहीनबाईंला इचारा," तो म्हणाला.

सगुणाबाईनं फुंकणी खाली ठेवली. "चारशे ऐंशी खड्डे," ती म्हणाली.

धर्माजीनं पत्र्यांकडं बघत बोटांवर हिशोब केला. या खेपेला त्यानं निम्मं केलं नाही.